निलगिरीखाली काही उगवत नाही, म्हणजे ती विषच सोडते का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्या जागेत एक मोठी निलगिरी आहे आणि तिच्याखाली गवताची काडीही टिकत नाही. तिथून वीसेक पावलांवर एक पसरट, जुनं झाड आहे, त्याच्याखाली मात्र रोपांची दाटी. निलगिरी जमिनीत विष सोडते आणि ते दुसरं झाड मुळांतून पिलांना पोसतं, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: निलगिरी तोडावी की नाही याचं उत्तर, आणि कुठल्या झाडाचं कुणाशी पटतं याची यादी.

यादी मी देणार नाही. बावीस वर्षं उजाड जमिनींवर झाडोरा उभा करण्याचं काम करतेय, आणि अशा याद्यांवर विसंबून मी स्वतः रोपं मारली आहेत. अमुक झाड तमुक झाडाचं मित्र किंवा वैरी, असं ठरलेलं नातं मला क्वचितच दिसलं. दोन झाडांमधलं नातं ठरतं ते त्या जागी काय तुटपुंजं आहे यावर, आणि त्या दोघांचं वय काय यावर. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेते. त्या वर्तुळात रोपाला नेमकं काय कमी पडतंय, आणि ते कोण नेतंय?

सगळ्यांच्या मनात आधी सावली येते, पण निलगिरीच्या बाबतीत तिच्यावर माझा संशय कमी आहे. मोठ्या निलगिरीची पानं खाली लोंबतात, आडवी पसरत नाहीत. भर दुपारचं ऊन त्यांच्यामधून गळून जमिनीवर येतं. एकदा दुपारी तिच्याखाली उभं राहून जमिनीकडे बघा. उन्हाचे कवडसे मोठे आणि दाट असतील, तर सावलीला दोष देता येणार नाही. उलट त्या दुसऱ्या पसरट झाडाखालीच जास्त अंधार असेल, आणि तरी तिथे रोपं आहेत.

दुसरा संशय पाण्यावर आणि मुळांवर. माझा सगळ्यात जास्त भर यावर आहे. सन १९०४मध्ये फ्रिके नावाच्या जर्मन वनशास्त्रज्ञाने पाइनच्या जंगलात खुरटलेल्या रोपांभोवती चर खणून मोठ्या झाडांची मुळं तोडली. सावली होती तेवढीच राहिली, तरी रोपांनी उचल खाल्ली. तोवर अशा रोपांच्या खुरटेपणाचा दोष सरसकट सावलीच्या माथी मारला जात होता. हा प्रयोग पुढे जगात अनेक ठिकाणी झाला आणि त्यातून साधारण असं दिसलं की जमीन जितकी निकस किंवा कोरडी, तितका चर खणण्याचा फायदा जास्त. ओल्या, सुपीक जमिनीवरच्या गर्द जंगलात चराने फारसा फरक पडत नाही, तिथे खरी टंचाई उजेडाची असते.

मी पहिल्यांदा असा चर खणला तो एका मोठ्या निलगिरीपासून चार-पाच मीटरवर. पहार घातली तर वरच्या वीतभर मातीत ती नीट शिरेना. चराची भिंत हाताने साफ केल्यावर कारण कळलं. केसाइतक्या बारीक, तांबूस तपकिरी मुळांची वाकळ विणलेली होती, आणि त्या वाकळीतली माती पिठासारखी कोरडी. चौकोनाच्या चारही बाजूंनी मुळं तोडली, चरात जाड प्लॅस्टिक उभं केलं आणि माती परत भरली. चौकोनात काही पेरलं नाही, पाणीही घातलं नाही. पुढे एक पाऊस होऊन गेला. त्यानंतर तीन आठवड्यांनी गेले तेव्हा चौकोनातली माती मुठीत दाबली की बोटांचे ठसे उमटत होते, आणि दोन हातांवरची बाहेरची माती बोटांतून गळून जात होती. चौकोनात गवताचे कोंब आले होते. कुणी न पेरता. म्हणजे बी आधीपासून तिथे पडून होतं आणि उगवायला नुसती ओल हवी होती. पानं, साल, मातीत काही रसायन असेल तर ते, सगळं जसंच्या तसं होतं. बदललं ते एवढंच, की पाणी आणि अन्न ओढणारी मुळं तुटली.

हा एका जागेचा अनुभव आहे, तुमच्याकडे असंच निघेल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या प्रश्नातच एक धागा आहे. निलगिरीची मुळं फांद्यांच्या घेराबाहेर बरीच लांब जातात. वीस पावलांवरचं ते दुसरं झाड बहुधा त्या मुळांच्या टप्प्यात आहे. विष मुळांतून पाझरत असेल, तर तिथेही थोडाफार परिणाम दिसायला हवा होता.

तिसरी गोष्ट पाचोळा. निलगिरीची पानं चिवट आणि तेलकट, लवकर कुजत नाहीत, शिवाय सालीच्या लांब पट्ट्या गळून पडतात. बारीक बी या थरावर अडकतं, वरच्या वर रुजतं, आणि त्याचं कोवळं मूळ मातीपर्यंत पोचायच्या आधीच वाळतं. या झाडाखालची माती कोरडी पडली की कधीकधी पाणीही धरत नाही. हे तपासायला काही लागत नाही. पाचोळा बाजूला करा, कोरड्या मातीवर एक थेंब पाणी सोडा आणि मनातल्या मनात मोजा. थेंब मोत्यासारखा बसून राहिला आणि पाच सेकंदांतही जिरला नाही, तर ती माती पाणी झिडकारते असं धरतात. अशा जागी पडलेला पाऊस रोपाला मिळतच नाही, भेगांतून आणि मुळांच्या कडेकडेने खाली निघून जातो.

आता विषाकडे येते. ही गोष्ट थोडी लांबवून सांगते, कारण तुमच्या प्रश्नाशी तिचं जवळचं नातं आहे.

झाडं रसायनं सोडून शेजाऱ्याला मागे रेटतात, हे खोटं नाही. या प्रकाराला 'अॅलेलोपॅथी' हे नाव १९३७ साली हान्स मोलिश यांनी दिलं. अक्रोडाच्या काळ्या जातीतलं जुग्लोन हे रसायन त्याचं सगळ्यांत माहितीतलं उदाहरण. पण १९६४मध्ये कॉर्नेलियस मुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या सुगंधी झुडपांबद्दल जे मांडलं, त्यानंतर या कल्पनेने खरी पकड घेतली. तिथल्या साल्व्हिया नावाच्या झुडपांच्या जाळ्यांभोवती एक ते दोन मीटर रुंदीचा नागडा पट्टा असतो आणि त्यापलीकडे गवत. मुलर यांचं म्हणणं असं, की झुडपाच्या पानांतून उडणारी तेलं, मुख्यतः सिनिओल आणि कापूर, मातीत मुरतात आणि गवताचं बी मारतात. प्रयोगशाळेत या तेलांनी कोंब खरोखर खुरटत होते. सिनिओल हाच निलगिरीच्या तेलाचाही मुख्य घटक, त्यामुळे हे सगळं निलगिरीला चपखल बसलं.

मग १९७०मध्ये ब्रूस बार्थोलोम्यू यांनी एक साधी गोष्ट केली. त्या नागड्या पट्ट्यावर त्यांनी जाळीचे पिंजरे ठेवले. हवा, तेल, माती सगळं तेच. फक्त उंदीर, ससे आणि पक्षी आत जाऊ शकत नव्हते. पिंजऱ्यांच्या आत गवत उगवलं. बाहेर पट्टा होता तसाच नागडा. छोटे प्राणी घार-कोल्ह्यांच्या भीतीने झुडपाचा आडोसा फार लांब सोडत नाहीत, म्हणून झुडपाच्या आसपासचंच बी आणि कोंब सगळ्यांत जास्त खातात. पट्ट्याची रुंदी म्हणजे त्यांच्या धिटाईची रुंदी.

तेलाचा काहीच परिणाम नव्हता, असं यातून सिद्ध होत नाही. पण तो पट्टा समजावून सांगायला तेलाची गरज उरली नाही. हे वाचल्यापासून मी नागडी जमीन बघितली की आधी जाळी ठेवते आणि मग रसायनाचा विचार करते.

प्रयोगशाळेतले पुरावे फसवे का ठरतात, तेही सांगते. पानं वाटून अर्क काढतात आणि बशीत टिपकागदावरच्या बियांवर ओततात. बी उगवत नाही, निष्कर्ष निघतो. पण इतका घट्ट अर्क बहुतेक कुठल्याही पानाचा केला तरी बियाला जड जातो, कारण पाण्यात विरघळलेलं काहीही जास्त झालं की बियाला पाणी शोषता येत नाही. शिवाय बशीत माती नसते. खऱ्या जमिनीत चिकणमाती ही रसायनं धरून ठेवते आणि जिवाणू-बुरशी ती खाऊन टाकतात. निलगिरीच्या बाबतीत पानांच्या अर्काचे असे प्रयोग ढीगभर आहेत. पण मुळांची ओढ, पाचोळा आणि प्राणी वेगवेगळे काढून मग उरलेला परिणाम रसायनाचा, असं दाखवणं फार अवघड असतं.

आता दुसऱ्या झाडाकडे. त्याच्याखाली दाटी आहे म्हणजे ते पोसतंय, हेही इतक्या घाईने धरू नका. तिथे बसून आधी रोपं ओळखा. ती त्या झाडाची स्वतःची आहेत की भलत्याच जातींची? भलत्या जातींची असतील आणि त्यांना गराची फळं येत असतील, तर ते बी बहुतेक पक्ष्यांनी टाकलेलं आहे. पसरट फांद्यांचं झाड म्हणजे पक्ष्यांची बैठक. दाटीचं कारण मग त्या झाडाची माया नसून वरून पडणाऱ्या बियांची संख्या.

दुसरं बघायचं ते वय. एकाच उंचीची, एकाच वर्षाची शेकडो रोपं असतील आणि गुडघ्याएवढी एकही नसेल, तर तिथे उगवतंय बरंच, टिकत काहीच नाही. मी रोपांशेजारी रंगवलेल्या काड्या रोवते. कोरडा हंगाम उलटल्यावर काड्या उभ्या असतात आणि रोपं गेलेली असतात. निलगिरीखालच्या नागडेपणापेक्षा ही जागा वेगळी नाही, फक्त मरण उशिरा येतं म्हणून ते दिसत नाही.

आणि ती रोपं त्याच झाडाची असतील, तर त्यांची स्थिती बहुधा आणखी नाजूक. जॅन्झेन या शास्त्रज्ञांनी १९७०मध्ये आणि कॉनेल यांनी १९७१मध्ये वेगवेगळं असं मांडलं, की आईच्या जवळ पिलांची दाटी असते आणि आईवर पोसलेली कीड-बुरशीही तिथेच असते, म्हणून जवळची पिलं जास्त मरतात आणि दुसऱ्या जातींना जागा होते. पॅकर आणि क्ले यांनी २०००मध्ये रानचेरीच्या झाडाखाली हे मातीपर्यंत नेऊन दाखवलं. आईजवळच्या मातीत पिथियम नावाचा, बुरशीसारखा रोगजंतू रोपांना मारत होता. तीच माती निर्जंतुक केल्यावर रोपं जगली.

मुळांतून पोसण्याची गोष्ट वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड यांच्या १९९७च्या प्रयोगापासून लोकांच्या तोंडी आली. त्यांनी बर्च आणि डग्लस फरची रोपं जंगलात शेजारी लावून, कार्बनला खूण करून दाखवलं की तो एका झाडातून दुसऱ्यात जातो, आणि फर सावलीत असेल तर त्याला जास्त मिळतो. प्रयोग महत्त्वाचा होता. पण त्यावर आई-झाड, निरोप, माया असे जे इमले चढले, त्यांचा २०२३मध्ये कार्स्ट, जोन्स आणि होकसेमा यांनी पुरावा तपासला. झाडांची मुळं जोडणाऱ्या बुरशीच्या जाळ्यातूनच अन्न जातं आणि त्याने रोपाचं भलं होतं, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा प्रत्यक्ष जंगलातून मिळालेला नाही, असं त्यांना आढळलं. मुळांवर बुरशी असते आणि झाडाला तिचा मोठा आधार असतो, याबद्दल वाद नाही. तुमचं झाड त्या बुरशीतून पिलांना घास भरवतंय, असं मात्र मी म्हणणार नाही.

मग झाडं एकमेकांना मदत करतच नाहीत का? करतात, आणि माझ्या कामाचा अर्धा भार त्या मदतीवर आहे. फक्त ती मदत बहुतेक वेळा साधी असते. सावली, वाऱ्याला आडोसा, गुरांना अडवणारे काटे, मुळांनी वर आणलेलं पाणी.

ही शेवटची गोष्ट मला आजही थक्क करते. रात्री पानांची रंध्रं मिटतात आणि पाण्याची वरची ओढ थांबते. तेव्हा खोल ओल्या थरातलं पाणी मुळांमधून वरच्या कोरड्या थरात पाझरतं. रिचर्ड्स आणि कॉल्डवेल यांनी १९८७मध्ये आर्टेमिसिया या वाळवंटी झुडपात हे मोजलं, आणि ते पाणी शेजारचं गवत पितं असंही कॉल्डवेल यांच्या कामातून दिसलं. टॉड डॉसन यांना १९९३मध्ये शुगर मेपल या मोठ्या झाडाभोवतीच्या लहान झाडांत हेच आढळलं. मोठ्या झाडाच्या जवळ असणं म्हणजे त्याच्याशी पाण्यावरून झगडणं, आणि त्याच वेळी त्याने वर आणलेलं पाणी मिळणंही. दोन्ही एकाच मातीत, एकाच रात्री चालू असतं. आपल्याला दिसते ती वजाबाकी.

या वजाबाकीचं उत्तर जागेप्रमाणे फिरतं. बर्टनेस आणि कॅलवे यांनी १९९४मध्ये असं मांडलं की जागा जितकी खडतर, तितकी मदत वरचढ, आणि जागा जितकी सुखाची, तितकी स्पर्धा. मग २००२मध्ये कॅलवे आणि बऱ्याच सहकाऱ्यांनी जगातल्या ११ डोंगराळ जागी ११५ जातींवर ते तपासलं. झाडाभोवतीचे शेजारी उपटून टाकले. डोंगरावर खालच्या बाजूला शेजारी काढल्याने झाडाचं भलं झालं. वर, थंडी-वाऱ्यात, शेजारी गेल्याने झाड खंगलं. पार कोरड्या टोकाला हा नियम काही ठिकाणी लागू पडत नाही. पाणी इतकं कमी असतं की मदत करायलाही शिल्लक राहत नाही. त्यावर अजून वाद चालू आहे.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका उघड्या, दगडी उतारावर मी काटेरी झुडपं साफ करून घेतली, रोपांना स्पर्धा नको म्हणून. मजूर थकले आणि एक पट्टा तसाच राहिला. पहिल्या कोरड्या हंगामात मोकळ्यावरची रोपं जवळजवळ सगळी गेली. त्या राहिलेल्या पट्ट्यात, झुडपांच्या बुडाशी घुसवलेली रोपं जगली. मी मनाशी खूणगाठ बांधली की झुडूप म्हणजे दाई. काही वर्षांनी खोल, ओलसर मातीच्या सखल जागी मी त्याच जातीच्या झुडपांमध्ये तीच रोपं लावली. तीन वर्षं ती पिवळी, काडीसारखी उभी राहिली, आणि झुडपं छाटल्यावरच मान वर काढली. झुडूप तेच, रोप तेच. उतारावर ओल आणि सावलीची टंचाई होती, ती झुडपाने भरून काढली. सखल जागी उजेडाची टंचाई होती, आणि ती झुडपानेच केली.

वयाचंही तसंच. सग्वारो हा उंच निवडुंग लहान असताना पालो व्हर्देसारख्या झाडाच्या सावलीत जगतो. मोठा झाला की पाण्यावरून त्याच झाडाला मागे टाकतो, आणि बहुतेकदा त्याच्या मरणानंतरही उभा असतो. अलास्कातल्या ग्लेशियर बेमध्ये हिमनदी मागे सरकल्यावर येणारं आल्डर जमिनीत नत्र भरतं. त्याचा फायदा नंतरच्या स्प्रूसला होतो. पण तेच आल्डर मुळांनी आणि सावलीने स्प्रूसच्या रोपांना अडवतंही. नत्र देणारं झाड शेजारी लावलं की झालं, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते. जिवंत मुळांतून शेजाऱ्याकडे फारसं नत्र जात नाही. पानं गळून, मुळं मरून कुजल्यावर ते मिळतं, आणि तेवढा काळ रोपाला तग धरावा लागतो.

तुमच्या यादीच्या मागणीवर एक जुना प्रयोग आठवतो. वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांनी १९१७मध्ये दोन भावंड-जातींवर काम प्रसिद्ध केलं. गॅलियम या लहान वनस्पतीची एक जात आम्ल जमिनीतली, दुसरी चुनखडीच्या जमिनीतली. एकेकटी लावल्यावर दोन्ही जाती दोन्ही मातींत जगल्या. एकत्र लावल्यावर ज्या त्या मातीत तिथली मूळची जात वरचढ झाली आणि दुसरी दबली. आता सांगा, यादीत या जोडीसमोर काय लिहायचं? कोण जिंकतं ते मातीने ठरवलं. वनस्पतींचे समुदाय म्हणजे एकमेकांशी बांधलेलं एकच शरीर, असं क्लेमेंट्स या वनस्पतिशास्त्रज्ञांना वाटत होतं. प्रत्येक जात आपापल्या सोयीने येते, शेजार हा योगायोग, असं ग्लीसन यांनी १९२६मध्ये म्हटलं. जमिनीवर काम करताना मला ग्लीसन जास्त पटतात, पण शेजार एकदा घडला की त्याचे परिणाम खरे असतात.

एक सावधगिरी. नागड्या वर्तुळात खत घालायचा मोह होईल, घालू नका. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती-संशोधन केंद्राच्या पार्क ग्रास प्रयोगात १८५६पासून कुरणाच्या तुकड्यांना खतं दिली जातात. भरपूर नत्र मिळालेल्या तुकड्यांत जातींची संख्या घसरली. थोड्या उंच, जोमदार गवतांनी बाकीच्यांना झाकलं. हाउटियर यांच्या गटाने २००९मध्ये अशा खतवलेल्या गवतात खालच्या थराला कृत्रिम उजेड दिला, तर एरवी घटणारी विविधता बऱ्याच अंशी टिकली. एक टंचाई मिटवली की दुसरी पुढे येते.

थोडक्यात, आतापर्यंतचा माझा अंदाज असा: तुमच्याकडे मुळांची ओढ पहिली, पाचोळा आणि पाणी झिडकारणारी माती दुसरी, प्राणी तिसरे, रसायन चौथं. हा अंदाज आहे. तो तपासायला एक हंगाम पुरतो.

निलगिरीखाली, बुंध्यापासून सारख्या अंतरावर, मीटरभर लांबी-रुंदीचे चौकोन आखा. एकाला हात लावायचा नाही. एकाचा फक्त पाचोळा काढायचा. एकावर बारीक जाळीचा पिंजरा, कडा मातीत दाबून. एकाभोवती अर्धा मीटर खोल चर, मुळं तोडून आत प्लॅस्टिक उभं करून. हा संच झाडाभोवती किमान चार ठिकाणी करा, आणि कुठला चौकोन कुठे येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपल्या डोळ्यांना चांगली वाटणारी जागा आपण नकळत आवडत्या कल्पनेला देतो, हा माझा स्वतःबद्दलचा अनुभव आहे. आणखी चार चौकोन झाडाच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर, म्हणजे बहुतेक मुळांच्या टप्प्याबाहेर ठेवा. सगळीकडे मोजून सारखं बी टाका, आणि महिन्याला दोनदा मोजा. उगवलेली आणि जिवंत अशी दोन्ही संख्या हवी.

शेजारी कुंड्यांचा एक प्रयोग करा. निलगिरीखालची माती आणि लांबची माती, दोन्ही बारीक मुळं काढून चाळून, प्रत्येकी सहा कुंड्या. सारखं ऊन, सारखं पाणी, तेच बी. निलगिरीखालच्या मातीतही रोपं ठीक वाढली, तर रसायनावरचा संशय बराच मावळतो, कारण ते मातीत असतं तर मातीबरोबर कुंडीत आलं असतं. खुरटली, तर मात्र लगेच विष म्हणू नका. त्या मातीत अन्न कमी असू शकतं किंवा रोगजंतू असू शकतात. मग त्याच मातीचा एक भाग वाफेवर तापवून आणि एका भागाला थोडं खत देऊन पुन्हा लावून बघा.

तोडण्याबद्दल. हा निर्णय चौकोन बघितल्यावरच घ्या. नुसती तोडलेली निलगिरी बुंध्यातून पुन्हा फुटते, आणि तिची मुळं जिवंत राहतात, म्हणजे ज्या मुळांवर तुमचा राग आहे ती तशीच. फुटवे वर्षभर काढत राहायची तयारी हवी. अचानक मोकळ्या झालेल्या जागेत आधी येतं ते बहुधा तण. जागा खूप कोरडी आणि उघडी असेल, तर मधल्या काळात त्या झाडाचा आडोसा तुमच्या उपयोगी पडू शकतो. चराच्या चौकोनात रोपं जोरात आली, तर सगळं झाड न काढता, लावायच्या जागेभोवतीच दरवर्षी मुळं छाटत राहणं पुरेल. मी तीन जागी असंच केलंय. मुळं परत येतात, म्हणून एका हंगामावर थांबून चालत नाही.

चर बुंध्यापासून किमान तीन-चार मीटर लांब ठेवा, आणि अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं तर ते न तोडता चौकोन सरकवा. मोठी मुळं झाडाला उभं धरून असतात. प्लॅस्टिक घालण्याआधी चराची भिंत हाताने साफ करून नीट बघा: बारीक मुळांचा थर किती बोटं जाड आहे, आणि त्या थरातली माती खालच्या मातीपेक्षा कोरडी लागते का. या दोन नोंदी आणि पाण्याच्या थेंबाची सेकंदं मला लिहून पाठवा, पुढचं आपण त्यावरून ठरवू.